गोळी कोणत्या हत्यारातून सुटली? गोळी आणि पुंगळीवरच्या खुणा वाचण्याची रीत

गोळीबाराच्या बातमीत एक वाक्य हमखास येतं: ‘जप्त केलेलं पिस्तूल बॅलिस्टिक तपासणीसाठी पाठवण्यात आलं आहे.’ मग काही महिन्यांनी कोर्टात अहवाल येतो आणि ‘गोळी त्याच पिस्तुलातली’ किंवा ‘मत देता येत नाही’ एवढंच लोकांच्या कानावर पडतं. मधे नेमकं काय होतं, हे तपासी अंमलदार, वकील, न्यायवैद्यक शाखेचे विद्यार्थी आणि कोर्टाच्या बातम्या लिहिणारे पत्रकार या सगळ्यांना माहीत असायला हवं. कारण त्या एका ओळीवर माणूस जन्मठेपेला जातो किंवा सुटतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या कामात जुळवणं सगळ्यात शेवटी येतं. आधी वगळायचं असतं. जे हत्यार असूच शकत नाही ते बाजूला काढायचं, आणि जे काही उरेल त्यावरच सूक्ष्मदर्शक लावायचा. हा क्रम उलटा झाला की चुका होतात आणि त्या फार महागात पडतात.

खुणा येतात कुठून

पिस्तूल किंवा रायफलच्या नळीत आतून पीळ दिलेल्या खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ उडते. या खाचांना ग्रूव्ह म्हणतात आणि दोन खाचांमधल्या उंचवट्यांना लँड. गोळीचा व्यास दोन समोरासमोरच्या लँडमधल्या अंतरापेक्षा किंचित जास्त असतो. त्यामुळे नळीतून जाताना पोलादी लँड गोळीच्या मऊ शिशात किंवा तांब्याच्या आवरणात रुततात आणि त्यांची छाप उमटते. त्या छापेच्या आत केसाहून बारीक रेषा असतात. नळी कापणाऱ्या अवजाराच्या धारेतले दाते, नंतरचा गंज, वापराने पडलेले ओरखडे या सगळ्यांच्या त्या खुणा.

पुंगळीची, म्हणजे गोळी सुटल्यावर मागे उरणाऱ्या काडतुसाच्या रिकाम्या कवचाची, गोष्ट वेगळी. घोडा दाबला की फायरिंग पिन प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर, आदळते आणि खड्डा पडतो. दारू पेटते, वायूच्या दाबाने पुंगळी मागे रेटली जाते आणि तिचा बूड ब्रीच फेसवर, म्हणजे हत्याराच्या ज्या पृष्ठभागाला बूड टेकतं त्यावर, घट्ट दाबला जातो. तिथे यंत्राच्या किंवा कानशीच्या ज्या रेषा असतील त्या प्रायमरच्या मऊ धातूवर उमटतात. पुढे एक्स्ट्रॅक्टर पुंगळीची कड धरून तिला ओढतो, इजेक्टर तिला बाहेर फेकतो, आणि दोघंही आपापली खूण ठेवतात. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या घराच्या, भिंतीच्या खुणा पुंगळीच्या अंगावर पडतात. एकच पुंगळी अशी चार-पाच ठिकाणी बोलते. म्हणून बरेचदा चेपलेल्या गोळीपेक्षा पुंगळीच जास्त उपयोगी पडते.

मात्र एक सावधगिरी हवी. एक्स्ट्रॅक्टरची खूण गोळी न झाडताही पडू शकते. कुणी पिस्तुलात काडतूस भरून स्लाइड मागे ओढली आणि ते जिवंतच बाहेर काढलं, तरी कडेवर ओरखडा येतो. त्यावरून ‘हे काडतूस या हत्यारात गेलं होतं’ असं म्हणता येईल. ‘या हत्यारातून झाडलं गेलं’ असं म्हणायला फायरिंग पिन आणि ब्रीच फेसच्या खुणा लागतात.

खुणांचे तीन थर

पहिला थर वर्गलक्षणांचा. ही लक्षणं कारखान्याच्या नकाशात ठरलेली असतात: बोअर (नळीचा आतला व्यास), खाचांची संख्या, त्यांची रुंदी, पीळ डावा की उजवा, फायरिंग पिनचा आकार. पारंपरिक कोल्टच्या नळीत सहा खाचा आणि डावा पीळ असतो, तर स्मिथ अँड वेसनमध्ये पाच खाचा आणि उजवा पीळ. तेव्हा उजव्या पिळाची गोळी समोर असेल आणि जप्त हत्यार डाव्या पिळाचं कोल्ट असेल, तर सूक्ष्मदर्शकाकडे जायची गरजच नाही. ते हत्यार वगळलं. ग्लॉकच्या बऱ्याच पिस्तुलांच्या नळीत टोकदार कडांऐवजी गोलसर बहुभुज पीळ असतो. त्यांच्या गोळ्यांवर बारीक रेषा कमी उमटतात आणि गोळी जुळवणं कठीण जातं, पण फायरिंग पिनची त्यांची विशिष्ट खूण पुंगळी पाहताच ओळखू येते.

दुसरा थर उपवर्गाचा, आणि नवखे तपासनीस नेमके इथे फसतात. एकाच कटरने लागोपाठ नळ्या कापल्या जात असतील आणि कटरला एखादा टवका गेलेला असेल, तर ती खूण पाठोपाठच्या अनेक नळ्यांमध्ये जशीच्या तशी उतरते. ती दिसते वैयक्तिक खुणेसारखी, पण असते त्या खेपेची. नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारख्या धावणाऱ्या ठळक रेषा दिसल्या की आधी ही शंका घ्यावी, आणि शक्य असेल तर नळीचा साचा काढून आतला पृष्ठभाग स्वतः पाहावा.

तिसरा थर वैयक्तिक खुणांचा. अवजार झिजत जातं, धातूचे कण मधे अडकतात, पुढे वापर होतो, गंज चढतो. यांतून त्या एका हत्यारापुरत्या खुणा तयार होतात. ओळख पटते ती यांच्यावरून.

घटनास्थळावर: अर्धं काम इथेच जमतं किंवा बिघडतं

प्रयोगशाळेत कितीही चांगलं उपकरण असलं, तरी घटनास्थळी चिमट्याने ओरबाडलेली गोळी ते दुरुस्त करू शकत नाही. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

काहीही उचलण्याआधी प्रत्येक पुंगळी आणि गोळी जिथे आहे तिथेच क्रमांकाची पाटी ठेवून फोटो घ्यावा, मोजपट्टीसह. भिंत किंवा दरवाजा अशा दोन स्थिर बिंदूंपासूनची अंतरं पंचनाम्यात लिहावीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचं दृक्श्राव्य चित्रीकरण करायचं असतं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत कलम 176(3) फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद करतं. तज्ज्ञ येणार असेल तर तोवर वस्तू झाकून ठेवाव्यात, हलवू नयेत.

पुंगळ्या सापडल्या नाहीत म्हणजे त्या कुणी उचलल्याच, असं धरून चालू नये. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या चक्रातच राहतात. गावठी कट्ट्याची पुंगळी हाताने काढावी लागते. स्वयंचलित पिस्तूल मात्र पुंगळी बाहेर फेकतं, आणि ती भिंतीला आपटून भलत्याच दिशेला घरंगळू शकते. गटार, गाडीच्या काचेखालची फट, चपलांचा ढीग, सगळं पाहावं.

उचलताना हातमोजे घालावेत आणि बोटांनी किंवा रबर लावलेल्या चिमट्याने उचलावं. गोळी भिंतीत रुतली असेल तर चाकूने उकरू नये. तिच्याभोवतीचा विटेचा किंवा लाकडाचा तुकडाच कापून घ्यावा. प्रत्येक वस्तू वेगळी, मऊ टिश्यूत गुंडाळून छोट्या डबीत ठेवावी. पाच पुंगळ्या एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकल्या तर त्या एकमेकींवर घासतात आणि नव्या खुणा तयार होतात. ओलं रक्त लागलं असेल तर आधी सावलीत वाळू द्यावं. ओळखीची खूण गोळीच्या अंगावर किंवा पुंगळीच्या बुडावर कोरू नये. डबीवर लिहावं, डबीला लाखेचं सील लावावं आणि सीलचा नमुना पंचनाम्याला जोडावा.

हत्यार सापडलं तर नळीत पेन, काडी, दोरी काहीही घालू नये. ‘बोटांचे ठसे पुसले जाऊ नयेत म्हणून पेनने उचललं’ हे पडद्यावर शोभतं, पण त्याने नळीतला पुरावा बिघडतो. आधी हत्यार सुरक्षित करावं. मॅगझिन काढलं, चेंबर रिकामं केलं, हे लिहून ठेवावं. रिव्हॉल्व्हर असेल तर नळीसमोर चक्रातलं कोणतं घर होतं त्याची खूण करून आकृती काढावी. हत्यार पुसू नये, तेल देऊ नये, ‘चालतं का पाहू’ म्हणून झाडून तर मुळीच पाहू नये.

शवागारातल्या डॉक्टरांनाही सांगणं आहे. शवविच्छेदनाआधी एक्स-रे काढावा, म्हणजे शोधाशोध करताना गोळी खरवडली जात नाही. दातेरी फोर्सेप्स वापरू नये. गोळी पाण्याखाली हलकेच धुऊन वाळवावी, कापडाने घासू नये, आणि ताब्यात देताना पावती घ्यावी.

मग येतो मुद्देमालाचा प्रवास. घटनास्थळ, मुद्देमाल कक्ष, प्रयोगशाळा, या साखळीतल्या प्रत्येक हाताची नोंद हवी. आपल्याकडे अजूनही अनेक ठाण्यांत ‘सी. ए. ला (केमिकल अ‍ॅनालायझर, म्हणजे रासायनिक विश्लेषकाकडे) पाठवलं’ असंच म्हणतात. मुंबईत कालिन्याला मुख्य प्रयोगशाळा आहे, शिवाय पुणे, नागपूर आणि इतर ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने सुखवंत सिंग विरुद्ध पंजाब राज्य या 1995 सालच्या निकालात, जप्त पुंगळी आणि पिस्तूल तज्ज्ञाकडे तुलनेसाठी न पाठवणं ही फिर्यादी पक्षाची गंभीर उणीव मानली होती. घटनास्थळावरची पुंगळी हत्यार सापडण्याआधीच सीलबंद होऊन गेली असेल, तर बचाव पक्षाचा ‘ही पुंगळी नंतर झाडून ठेवली’ हा आरोप तिथेच गळून पडतो. म्हणून हत्यार मिळेपर्यंत वाट पाहत बसू नये.

प्रयोगशाळेत: पायरीपायरीने

आधी सील तपासतात, मग वजन आणि मोजमाप. वजन हे साधं पण फार कामाचं. 7.65 मिमी पिस्तुलाची नेहमीची गोळी 71 ग्रेन, म्हणजे साधारण 4.6 ग्रॅमची असते. 9 मिमीची 115 ते 124 ग्रेन, म्हणजे साडेसात ते आठ ग्रॅमच्या आसपास. चेपलेल्या, आकार न राहिलेल्या गोळीचं वजन सहा ग्रॅम भरलं, तर ती नेहमीच्या 7.65 च्या काडतुसातली नाही हे तिथेच कळतं. उलट तीन ग्रॅमचा तुकडा मात्र दोन्हींपैकी कशाचाही असू शकतो.

मग खाचा मोजायच्या, पीळ पाहायचा, लँडच्या छापेची रुंदी मोजायची आणि जप्त हत्याराशी ताडायची. फरक दिसला तर काम संपलं. छर्ऱ्याच्या बंदुकीबाबत हेही लक्षात ठेवावं की तिची नळी आतून गुळगुळीत असल्याने छर्ऱ्यांवरून हत्यार ओळखता येत नाही. बारा बोअरच्या पुंगळीवरून मात्र येतं.

वर्गलक्षणं जुळली तर चाचणी गोळीबार. गोळी पाण्याच्या टाकीत किंवा कापसाच्या पेटीत झाडतात, म्हणजे ती न चेपता मिळते. काडतूस शक्यतो घटनेतल्याच बनावटीचं घ्यावं, कारण प्रायमरचा धातू कमीजास्त कठीण असला की खूण वेगळी दिसते. एका गोळीवर भागत नाही. किमान दोन-तीन झाडून आधी त्या एकमेकींशी ताडाव्यात. जे हत्यार स्वतःचीच खूण दोनदा सारखी उमटवत नाही, त्याची तुलना तिसऱ्या गोळीशी करून काय मिळणार? ही पायरी गाळलेली दिसली की अहवालावरचा माझा विश्वास निम्मा होतो.

आता तुलना-सूक्ष्मदर्शक. दोन सूक्ष्मदर्शक वरून एका पुलाने जोडलेले असतात, आणि एकाच गोल दृश्यात डावीकडे घटनेची गोळी, उजवीकडे चाचणीची गोळी दिसते. मधे एक बारीक सीमारेषा. प्रकाश दोन्हींवर एकाच कोनातून, तिरपा टाकायचा, नाहीतर सावल्या फसवतात. डावीकडची गोळी स्थिर ठेवून उजवीकडची हळूहळू फिरवायची. बराच वेळ काहीच लागत नाही. मग एका लँडमधल्या रेषा सीमारेषा ओलांडून पलीकडे तशाच चालू राहतात: जाड, दोन बारीक, मोकळी जागा, पुन्हा जाड. इथे थांबायचं नाही. दोन्ही गोळ्या सारख्याच अंशाने पुढच्या लँडवर फिरवायच्या. तिथेही जुळलं, त्यापुढेही जुळलं, तर पाया पक्का होत जातो.

किती जुळलं की पुरे? अमेरिकेत बियासोटी या तज्ज्ञाने 1950 च्या दशकात रेषा मोजून पाहिल्या. एकाच हत्यारातल्या शिशाच्या गोळ्यांत 36 ते 38 टक्के रेषा जुळल्या, आवरणाच्या गोळ्यांत 21 ते 24 टक्के, आणि वेगवेगळ्या हत्यारांतल्या गोळ्यांतही 15 ते 20 टक्के रेषा निव्वळ योगायोगाने जुळल्या. नुसत्या टक्केवारीवर भरवसा ठेवता येत नाही तो यामुळेच. म्हणून लागोपाठ जुळणाऱ्या रेषा पाहतात. 1997 मध्ये बियासोटी आणि मर्डॉक यांनी निकष सुचवला: खोली असलेल्या खुणांत लागोपाठ सहा रेषांचा एक गट, किंवा तीन-तीन रेषांचे दोन वेगळे गट. सगळेच तज्ज्ञ हा निकष वापरत नाहीत. अनेक जण ‘पुरेशी जुळणी’ या अनुभवाधारित कसोटीवर मत देतात.

शेवटी फोटो आणि दुसऱ्या तज्ज्ञाची स्वतंत्र पडताळणी. दुसऱ्याला पहिल्याचं मत आधी कळू देऊ नये. मत कळल्यावर डोळे तेच शोधायला लागतात.

गावठी कट्टा

आपल्याकडच्या प्रयोगशाळांत पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत नसलेली एक अडचण रोज येते. गावठी कट्ट्याच्या नळीत बहुधा खाचाच नसतात. .315 बोअरच्या कट्ट्यात वापरल्या जाणाऱ्या काडतुसांच्या बुडावर अनेकदा ‘8 मिमी’ आणि ‘केएफ’ असा ठसा दिसतो. केएफ म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना. त्यावरून काडतूस कुठे बनलं ते कळतं, हत्याराबद्दल काहीच कळत नाही.

अशा सैल नळीतून गोळी डुगडुगत जाते आणि दर वेळी वेगळ्या जागी घासते. त्यामुळे गोळीवर मत देणं बरेचदा अशक्य होतं. पण तोच कट्टा पुंगळीवर भरभरून लिहितो. ब्रीचची बाजू हाताने, कानशीने घासलेली असते, आणि कानशीच्या त्या वेड्यावाकड्या, एकमेकांना छेदणाऱ्या रेषा प्रायमरवर उमटतात. फायरिंग पिनही खिळ्यासारखी हाताने घडवलेली असते. खड्डा मध्यापासून सरकलेला असतो, तळाशी एखादा टवका दिसतो. हातकामाला दुसरी हुबेहूब प्रत नसते.

कालुआ विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य हा ए. आय. आर. (ऑल इंडिया रिपोर्टर हा निकालसंग्रह) 1958 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अशाच पुराव्यावर उभा आहे. मृताच्या खाटेजवळ काडतूस मिळालं होतं आणि आरोपीकडून गावठी पिस्तूल. तज्ज्ञाने त्या पिस्तुलातून चार चाचणी काडतुसं झाडली आणि त्यांच्यावरच्या खुणा घटनास्थळाच्या काडतुसाशी ताडल्या. न्यायालयाने ते मत स्वीकारलं.

हत्यार मिळालंच नाही तर

तरीही काम थांबत नाही. दोन घटनांमधल्या पुंगळ्या एकमेकींशी ताडता येतात. धारवाडला 30 ऑगस्ट 2015 रोजी एम. एम. कलबुर्गी यांची आणि बंगळुरूत 5 सप्टेंबर 2017 रोजी गौरी लंकेश यांची हत्या झाली. दोन्ही ठिकाणी एकच 7.65 मिमी गावठी पिस्तूल वापरलं गेलं, असं कर्नाटकच्या तपास पथकाने फॉरेन्सिक अहवालाच्या आधारे मांडलं. दोन वर्षांचं अंतर असलेले दोन गुन्हे एका तपासात आणणारा हा मोठा दुवा होता.

शेकडो पुंगळ्यांत शोधायचं तर संगणक लागतो. कॅनडातल्या माँट्रियलच्या कंपनीने बनवलेली आयबिस प्रणाली खुणांची प्रतिमा घेऊन जवळच्या नोंदींची यादी देते. अमेरिकेचं राष्ट्रीय जाळं याच तंत्रावर चालतं. पण यादीत पहिला क्रमांक लागला म्हणजे जुळणी झाली असं नव्हे. तो तपासाचा दुवा. पुरावा होतो तो माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली पडताळून पाहिल्यावरच.

वगळण्याची ताकद

न्यूयॉर्क राज्यात 1915 साली एका दुहेरी खुनात चार्ल्स स्टायलो या शेतमजुराला एका स्वयंघोषित तज्ज्ञाच्या साक्षीवर मृत्युदंड झाला. ‘गोळ्या याच्याच रिव्हॉल्व्हरमधल्या’ असं त्याने ठणकावून सांगितलं होतं. पुढे नीट तपासल्यावर त्या गोळ्यांच्या खाचांची ठेवणच त्याच्या रिव्हॉल्व्हरशी जुळत नाही असं निघालं, आणि 1918 मध्ये स्टायलोला माफी मिळाली. पहिल्याच पायरीवर वगळायला हवं होतं ते हत्यार एका निरपराधाला विजेच्या खुर्चीपर्यंत घेऊन गेलं.

याउलट शिकागोत 14 फेब्रुवारी 1929 रोजी सात जणांना मारणारे काही जण पोलिसांच्या वेषात होते आणि संशय पोलिसांवर होता. बॅलिस्टिक तज्ज्ञ कॅल्विन गॉडार्ड यांनी आधी पोलिसांच्या थॉम्पसन बंदुका तपासून त्या वगळल्या. वर्षअखेरीस मिशिगनमध्ये फ्रेड बर्क या गुंडाच्या घरी मिळालेल्या थॉम्पसन बंदुका मात्र जुळल्या.

अहवाल वाचताना

मत चार प्रकारचं असू शकतं: जुळलं, वगळलं, निष्कर्ष काढता येत नाही, किंवा वस्तू तुलनेलायक नाही. तिसरं मत म्हणजे तज्ज्ञाचं अपयश नव्हे, आणि ते आरोपीविरुद्ध अर्धवट पुरावा म्हणूनही वापरता कामा नये. ‘शंभर टक्के’, ‘जगातल्या इतर सर्व हत्यारांना वगळून’ असे शब्द दिसले तर थांबावं. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने 2016 मध्ये, त्यांच्या दृष्टीने नीट आखलेल्या एकाच अभ्यासाच्या आधारे, चुकीच्या जुळणीचं प्रमाण 66 मध्ये एक आणि वरची मर्यादा 46 मध्ये एक अशी मांडली. 2023 मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञाला ‘गोळी याच बंदुकीतली’ असं बिनशर्त सांगू देणं अयोग्य ठरवलं. खुणा सुसंगत आहेत की नाहीत इथवरच त्याने बोलावं, असा त्या निकालाचा रोख आहे.

भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 39 खाली तज्ज्ञाचं म्हणणं हे मत असतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 329 मुळे सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल साक्षीशिवाय दाखल होऊ शकतो, पण न्यायालय तज्ज्ञाला बोलावू शकतं. ओळखीचा प्रश्न वादाचा असेल तर वकिलांनी त्याला बोलावण्याचा अर्ज करावाच. त्याला विचारायचं: किती चाचणी गोळ्या झाडल्या आणि त्या एकमेकींशी जुळल्या का? कोणत्या भागाच्या खुणांवर मत दिलं? उपवर्गाची शंका कशी दूर केली? कुठे फरक दिसला, आणि त्याचं कारण काय? फोटो कुठे आहेत? दुसऱ्या तज्ज्ञाने मत कळण्याआधी पाहिलं की नंतर? या प्रश्नांची उत्तरं टिपणांत असतील तर अहवाल टिकतो. ‘माझा इतक्या वर्षांचा अनुभव’ एवढंच उत्तर असेल तर तो हलतो.

आणि मुद्देमाल जपून ठेवावा. दाभोलकर-पानसरे प्रकरणात मुंबई आणि बंगळुरूच्या प्रयोगशाळांची मतं वेगळी पडली, तेव्हा तिसऱ्या मतासाठी स्कॉटलंड यार्डकडे जाण्याची तयारी सीबीआयने मुंबई उच्च न्यायालयात सांगितली होती. तिसरं मत मागायचं तर मूळ गोळ्या आणि पुंगळ्या ओळखू येतील अशा अवस्थेत, प्रत्येक डबी नव्याने सील केलेली असावी लागते. चाचणीच्या गोळ्याही त्याच पाकिटात, वेगळ्या डबीत, हत्याराच्या क्रमांकासह परत याव्यात, असं मागणीपत्रातच लिहून घ्यावं.